कॅप्टन आयशाबी

ढाणकीच्या अस्मानं स्वतः छापलेली विज्ञान कादंबरी सगळ्यांत आधी वाचली ती सुरभीनं. तिनंच फोनवर वाचकांचा ग्रुप काढला, माणसं जोडली. म्हणून दुसऱ्या आवृत्तीच्या छपाईचं काम अस्मानं डोळे झाकून तिच्यावर सोपवलं.

रविवारी यवतमाळात वाचक जमले. सुरभी नव्या प्रतीतून वाचू लागली, "कॅप्टन उषानं यान मंगळाकडे वळवलं..."

अस्माला आधी वाटलं, आपणच चुकीचं ऐकलं. तिच्या नायिकेचं नाव आयशाबी होतं, तिच्या आजीचं.

वाचन संपल्यावर तिनं सुरभीला बाजूला घेतलं. "नाव काहून बदललं?"

"लोकाइले जवळचं वाटावं म्हणून. तुयासाठीच केलं ना."

"मले विचारलं काहून नाही?"

"तू नाही म्हटलं असतं."

अस्मानं लोकांसमोर जाऊन पिशवीतली जुनी प्रत उघडली आणि तेच पान आयशाबीच्या नावानं वाचलं. मागच्या रांगेतल्या लीलाबाई म्हणाल्या, "मले हे पुस्तक पाह्यजे."

अस्मानं ती प्रत त्यांच्या हातात दिली. सुरभी हाक मारत होती, पण ती वळून न पाहता बस स्टँडकडे निघाली.