काचेला चिकटलेला

मी एक फोटो आहे. काळापांढरा, वीतभर रुंद, लाकडी चौकटीतला. काचेला चिकटून बसलोय. ओढून काढायला जाल तर माणसं काचेवर राहतील आणि तुमच्या हातात कोरा कागद येईल. तेव्हा हात लावू नका, आहात तिथूनच ऐका.

माझ्यावर माणसं तीन. खुर्चीत बसलाय तो गुणाजी घाडी, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला. बाजूला उभी त्याची बायको रखमा. गुणाजीच्या मांडीवर तीन वर्षांची सुभद्रा, फोटोवाल्याचा खोटा टेलिफोन कानाला लावून. गुणाजीच्या अंगातला कोटही फोटोवाल्याचाच. त्याच्या खुंटीवर एकच कोट होता, निम्म्या लालबागने तो आळीपाळीने घातला असेल. गुणाजीला तो आखूड झाला, मनगटं बाहेर राहिली.

"हात जरा मागे घ्या हो," फोटोवाला म्हणाला.

"मागे घेतलंय तर पोरगी पडतली ना," गुणाजी म्हणाला. तो मालवणकडचा, रागावला किंवा लाजला की त्याची बोली सुटायची. मनगटं तशीच आली. ही ऐंशी सालच्या दिवाळीतली गोष्ट. त्याच्या उभ्या आयुष्यात काढलेला फोटो तो एवढाच. त्याचा चेहरा जगात कुठे असेल तर माझ्यावर. हे नीट ध्यानात ठेवा, पुढचं सगळं त्यावर आहे.

परळच्या चाळीत त्यांची एक खोली. एका भिंतीला दार, दुसरीला खिडकी, तिसरीला फळी आणि भांडी. उरली चौथी, तिच्यावर मला टांगलं. घरात आरसा होता, तरी गुणाजी भांग माझ्याच काचेत पाडायचा. स्वतःच्या तोंडावर तोंड ठेवून. रखमा म्हणायची, "फोटोतल्याचो भांग पाडतास की तुमचो?" तो हसायचा, भोंगा व्हायचा, तो जायचा. पाळी संपली की यायचा. मला वाटलं, माणसाचं जगणं म्हणजे एवढंच असतं.

ब्याऐंशीच्या जानेवारीत गिरण्यांचा संप झाला आणि भोंगे थांबले. पहिले काही दिवस तर सुटीच वाटली. बाप्ये दुपारचे घरात झोपले, पत्ते कुटले, मोर्चाला गेले, घसा बसवून आले. मग निम्मी चाळ गावी गेली. गुणाजीही गेला आणि चार महिन्यांनी परत आला. गावचं शेत भावाचं, तिथे किती दिवस जेवणार? सव्वा वर्षाने तो बोलेनासा झाला. भांग पाडायचाही थांबला. माझ्यासमोर उभा राहायचा, पण बघायचा मागच्या भिंतीकडे.

रखमाने एका खानावळीच्या चपात्या लाटायला घेतल्या. पहाटेपासून स्टो पेटलेला, खोलीभर भाजलेल्या पिठाचा वास. ज्या घरात चपात्यांची चळत लागायची, त्याच घरात माणसं पेज प्यायची. असं किती घरांत चालू होतं.

त्र्याऐंशीतली ती सकाळ मी भिंतीवरून पाहिली. माझ्याशिवाय साक्षीदार नाही, सुभद्रा झोपलेली होती. गुणाजी उठला, तोंड धुतलं, चळतीवरची एक चपाती उचलली.

लाटणं न थांबवता रखमा म्हणाली, "त्यो मोजलेल्यो असत."

वाईट नाही हो बोलली. दमलेली होती. खानावळवाला शंभरात एक कमी निघाली तरी चाळीत येऊन ओरडायचा. पण गुणाजीने ती चपाती चळतीवर परत ठेवली. नीट ठेवली, कडेला कड जुळवून. चपला घातल्या आणि दारातून म्हणाला, "गेटार जावन येतंय."

आता आमच्याकडची रीत सांगतो. बाहेर पडणारा 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. आणि घरातलं माणूस त्याला 'या' म्हणतं. मालवणीत 'येवा'. एवढं झालं की माणूस उंबरा ओलांडतो. गुणाजी दारात थांबला. मी मोजलं नाही, पण चांगला थांबला. रखमाने मान वर केली नाही. तिला राग होता, लाज होती, तव्यावरची करपत होती, काय काय होतं. ती काही म्हणाली नाही, आणि तो गेला.

तो आलाच नाही.

शोधायचं तेवढं शोधलं. गिरणीचं गेट, हॉस्पिटलं, पोलीस चौकी, गावाला पत्रं. कुणी म्हणालं भिवंडीला पॉवरलूमवर दिसला, कुणी म्हणालं सुरतेला. रखमाचा दीर दोन्हीकडे जाऊन आला. नंतर कुणी काही म्हणेनासं झालं.

एक दिवस शेजारच्या कमलाबाई आल्या. भिंतीकडे बघून चपापल्या. "अगं रखमा, ही तर दक्षिणेची भिंत! हिच्यावर गेलेल्यांचे फोटो लावतात. म्हणून तर नाही ना..." पुढचं त्यांनी गिळलं. रखमाने स्टुलावर चढून मला त्याच क्षणी उतरवलं. दुसरी भिंत नव्हतीच. जुन्या लुगड्यात गुंडाळून तिने मला माळ्यावर ठेवलं, छपराच्या पत्र्यांखाली.

नवरा जिवंत राहावा म्हणून तिने मला माळ्यावर टाकलं, आणि माळ्यावरच्या ओलीने तिच्या नवऱ्याला खायला सुरुवात केली. काय बोलणार! मी काचेला चिकटलो तो तिथेच. आधी रखमाचं पाऊल चिकटलं, मग सुभद्राचा टेलिफोन, मग एकेक करत सगळेच. सुरुवातीला मला रखमाचा राग यायचा. मग रागही गेला. ओल लागलेल्या कागदाला फार वेळ काही वाटत नाही.

खालचं सगळं ऐकू यायचं. दीर म्हणायचा, "वहिनी, पंधरवड्यात पान ठेवूया. जिवाला शांती मिळात." रखमाचं उत्तर ठरलेलं: "येतंय म्हणान गेलेत. जातंय म्हणूक नाय." कपाळाला कुंकू लावायची म्हणे, वडाला जायची. सुभद्राच्या लग्नाची पत्रिका छापायला दिली तेव्हा छापखान्यातला बाबुराव घरी आला. खाली आवाज चाचरला, "नावाआधी... कै. टाकायचं ना, वैनी?" रखमा म्हणाली, "श्री." तेवढंच. तिचं सगळं बोलणं तेवढ्यापुरतंच झालं होतं. रडताना मी तिला कधी ऐकलं नाही. रडली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटायचं.

चाळीस वर्षं गेली. गिरणीच्या जागी काचेची इमारत उभी राहिली म्हणतात, मी पाहिलेली नाही. मग चाळ पाडायची ठरली, माळे रिकामे झाले, आणि सुभद्राने मला खाली काढलं. ती आता सेहेचाळीसची, हॉस्पिटलात केसपेपरच्या खिडकीवर बसते. तिने लुगडं सोडलं आणि खाटेवर बसलीच. बुरशी गुणाजीच्या कानापर्यंत आली होती. गाल राहिला होता, डोळे राहिले होते.

"आई, बाबा जातायत गं," ती म्हणाली. आणि घाईघाईत मागचा पुठ्ठा काढून माझा कोपरा ओढला. टर्र झालं. टेलिफोन धरलेला तिचा स्वतःचाच हात गेला.

"सोड," रखमा म्हणाली. सुभद्राने सोडलं.

दुसऱ्या दिवशी मला पिशवीत घालून दोघी लालबागला पुलाखालच्या दौलतच्या दुकानात गेल्या. झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, जुने फोटो नवीन करून मिळतील. दौलत पस्तिशीचा, बोलायला भलताच फास्ट. त्याने मला तिरपं धरून बघितलं.

"ताई, ह्याने काच पकडलीय. खेचला तर पापुद्रा निघणार. पाण्यात सोडून बघू? सुटला तर सुटला."

"आणि नाही सुटला तर?"

"मग गेला."

"पाण्यात सोडू नको," रखमा म्हणाली.

"ओके आजी, नो टेन्शन. काचेसकट स्कॅन मारतो. थोडी चमक येईल, ती मी काढतो. चेहरा सेफ."

मला काचेच्या बाजूने पालथं झोपवलं आणि वर झाकण ठेवलं. माळ्यावरचाच अंधार, मला सवयीचा. मग खालून उजेडाची एक पट्टी निघाली आणि सावकाश सरकत गेली. रखमाच्या पावलापासून, सुभद्राच्या फ्रॉकवरून, गुणाजीच्या उघड्या मनगटांवरून, गालावरून. चाळीस वर्षांत त्याच्या चेहऱ्यावर कुणी उजेड धरला नव्हता. मला काय वाटलं म्हणाल तर काहीच नाही. पट्टी गेली आणि मी रिकामाही झालो नाही, ही मात्र गंमत वाटली.

जाताना सुभद्राने बजावलं, "बाबांचा एकट्याचा मोठा करून दे. घरी लावायचाय."

आता घोटाळा कुठे झाला बघा. दिवस पितृपंधरवड्याचे. दौलतच्या दुकानात त्या पंधरा दिवसांत जुना फोटो आला की त्याचं एकच काम असतं. त्याला कुणी वेगळं सांगितलं नाही, आणि त्याने विचारलं नाही. विचारायचं काय त्यात, असंच कुणालाही वाटलं असतं.

तिसऱ्या दिवशी दोघी पुन्हा गेल्या. मी काउंटरवर उताणा पडलो होतो, वर दोघींचे चेहरे. दौलतने स्क्रीन त्यांच्याकडे फिरवला. गुणाजी एकटा, मोठा, बुरशी गायब, कोटाच्या बाह्या पुऱ्या करून मनगटं झाकलेली. गळ्यात झेंडूचा भरगच्च हार. खाली सोनेरी अक्षरांत: कै. गुणाजी घाडी.

सुभद्रा ओरडलीच. "हे काय केलंस? कुणी सांगितलं तुला? काढ तो हार! आधी काढ!"

"अहो ताई, तुम्हीच बोललात घरी लावायचाय... पंधरवडा चालूय, मी समजलो... सॉरी, सॉरी. दोन मिनिटं. हार वेगळा असतो, लगेच निघतो."

"आई, तू बघू नको," सुभद्रा म्हणाली. "तू बाहेर बस."

पण रखमा बघत होती. मी खालून तिचा चेहरा बघत होतो. तो चेहरा मला पाठ आहे, माझ्या अंगावरच आहे तो, बाविशीतला. आता सहासष्टीचा. चाळीस वर्षं ज्या चेहऱ्यावर काही हललं नाही, तिथे हनुवटी हलली.

"रवांदे," ती म्हणाली.

दौलतचा हात माऊसवर थांबला.

"काय राहू दे? अगं आई, माझ्या पत्रिकेवर तू..."

"रवांदे हार. बरे दिसतत."

मग तिने डोक्यावर पदर घेतला. स्क्रीनच्या अगदी जवळ वाकली. आणि हलक्या आवाजात, दारातल्या माणसाशी बोलावं तसं, म्हणाली, "येवा."

दौलतने वळून दुकानाच्या दाराकडे बघितलं. दारात कुणी नव्हतं.

"कोण आलंय, आजी?"

रखमा सावकाश सरळ उभी राहिली. सुभद्राने तिचा हात धरला, तिलाही काही कळलं नव्हतं. मला कळलं. चपातीच्या चळतीजवळ त्या दिवशी मीच तर होतो. मला फार वाईट वाटलं, सांगून टाकतो. इतक्या वर्षांनी काहीतरी वाटलं.

आता रखमा सुभद्राच्या घरच्यांबरोबर भाड्याच्या खोलीत राहते, नवीन इमारत होईपर्यंत. दक्षिणेच्या भिंतीवर गुणाजीचा नवा फोटो आहे, झाकलेल्या मनगटांचा. सगळ्या नातेवाइकांच्या मोबाइलात तो पोचलाय, आता ओल त्याला खाणार नाही. सुभद्रा म्हणत होती, जुना आता विसर्जन करूया. रखमाने मला उचलून आपल्या ट्रंकेत ठेवलं. कधी तरी दुपारी काढते आणि पदराने काच पुसते. मनगटांवर तिचं बोट थांबतं. ती खरी मनगटं फक्त माझ्याकडे आहेत.

मला जपा असं मी म्हणत नाही. तुमच्या माळ्यावर माझे भाऊबंद असतील, त्यांना मात्र वेळेत खाली काढा आणि ओढू नका. आणि एक. दारात उभं राहून कुणी 'येतो' म्हटलं तर हातातलं काम करपू दे, पण मान वर करा. उत्तर एका शब्दाचं आहे.

बरं, खूप बोललो. येतंय.