सूर थांबला की बोट

मी एक जुनी बाजाची पेटी आहे आणि माझ्या भात्यात सध्या उंदीर राहतात. मित्रांनो, हवं तर नाक दाबा. मला ते दाबता येत नाही, म्हणून ही घाण मी निमूट सोसते आहे.

जन्म माझा पुण्यातला. म्हाताऱ्या कारागिरानं माझ्या सागवानी अंगावरून शेवटचा हात फिरवला आणि म्हणाला, "पोरांत चाललीस, मजा आहे तुझी." १९९२ साली मी कऱ्हाटीच्या बाजूच्या एका वस्तीवरच्या शाळेत आले. कसली मजा नि कसलं काय! थोरले गुरुजी, आप्पासाहेब, तंबाखू मळलेल्या बोटांनीच माझ्या पट्ट्या दाबायचे. शी! त्या चिकट पट्ट्यांवर मग माश्या बसायच्या.

गुरुजींनी तिसरीचा धडा एका चालीत बसवला. पोरं डोलत म्हणायची, "ससा उठला, शेतात गेला, गाजर खाल्ले, घरी आला." तपासणीला साहेब आले, तेव्हा सुकन्या नावाच्या पोरीनं हातात पुस्तक धरून अख्खा धडा घडाघडा म्हटला. साहेब खूश! "वा गुरुजी, संगीतातून वाचन!" मी सतरंजीवर होते, पुस्तक माझ्या अगदी समोर होतं. ते उलटं होतं, मित्रांनो. सशाचे कान जमिनीकडे! साहेबांना दिसलं नसेल? दिसलं असेल हो, पण पोहे गार होत होते. मला त्या दोघांची किळस आली, आणि त्याहून जास्त माझी स्वतःची. त्या खोट्याला वारा मीच घालत होते.

सुकन्याचे वडील म्हस्कू दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. तिकडून कुणाकडून तरी लिहून घेतलेलं त्यांचं कार्ड शाळेच्या पत्त्यावर आलं. ते घ्यायला सुकन्याची आई तानूबाई शाळेत आली. लेकीची वाहवा तिच्या कानावर गेली होती.

"वाच गं, तुजा बा काय म्हंतुया," ती कौतुकानं म्हणाली.

सुकन्यानं कार्ड हातात धरलं. आणि ती डोलत म्हणू लागली, "ससा उठला, शेतात गेला..."

पोरं खो खो हसली. आप्पासाहेब खिडकीतून पचकन थुंकले आणि म्हणाले, "मेंढरामागच्या पोरीला आणखी काय येणार?"

थुंकी बाहेर पडली, पण मला ती अंगावर पडल्यासारखी वाटली.

"मंजी इतकं दिस नुसतं गानंच केलं व्हय?" तानूबाईचा चेहरा उतरला. "बास झाली साळा. उद्यापास्नं घरची करडं राख."

दुसऱ्या शिक्षिका द्वारकाबाई मधे पडल्या. त्यांनी कार्ड वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, "तानूबाई, गुढीपाडव्यापर्यंत पोर माझ्याकडे द्या. तोवर तिला वाचायला आलं नाही तर खुशाल न्या."

"पाडव्यापतूर. फुडं एक दिस न्हाय," तानूबाईनं बजावलं.

द्वारकाबाईंनी आधी ओल्या फडक्यानं माझी पट्टी न् पट्टी पुसली. मग सुकन्याला म्हणाल्या, "तोंडानं गा, बोट शब्दाखाली सरकव. सूर थांबला की बोट थांबव आणि तिथलंच वाच." पहिल्या दिवशी मी 'गाजर'वर थांबले, तर बोट 'घरी'वर! बाई रागावल्या नाहीत. पुन्हा भाता, पुन्हा सूर. आठवड्याभरात बोट जागेवर आलं. मग बाई शब्दांच्या चिठ्ठ्या उलटसुलट मांडायच्या, म्हणजे पाठांतराची डाळ शिजायची नाही. पोरगी अडायची, रडायची, पुन्हा बसायची. तेवढे दिवस मला माझा वीट आला नाही.

पाडव्याच्या आदल्या दिवशी दुसरं कार्ड आलं. तानूबाई दारातच उभी राहिली. चाल धरून द्यायला बाईंनी भात्याला हात घातला, तर सुकन्या म्हणाली, "पेटी नगं, बाई."

ती शब्दाखाली बोट ठेवत वाचू लागली. "मेंढरं... बरी... हायेत. मोती... कुत्रं... वाघरानं... नेलं." बोट थांबलं. तरी तिनं पुढचं वाचलंच. "सुकन्याला... सांगू... नगा."

ती आईला बिलगून हमसून हमसून रडली. मोती तिच्या हातची भाकरी खाऊन वाढला होता. तानूबाईनं तिला पोटाशी धरलं. "वाचलंस गं माजी बाय," ती म्हणाली, आणि डोळे पुसत बाईंना म्हणाली, "असू द्या हिला साळंतच."

पुढं द्वारकाबाईंची सांगवीला बदली झाली. 'संगीतातून वाचना'चा नारळ आणि शाल मात्र आप्पासाहेबांना मिळाली! तेव्हापासून मी पाहुण्यांच्या स्वागतगीतापुरती बाहेर निघते आणि परत अडगळीत, उंदरांत जाते.

मित्रांनो, मला पुसलंत तर बरंच वाटेल, पण मागणं ते नाही. कुणी धडा घडाघडा म्हणू लागलं की टाळ्या नंतर वाजवा. आधी सूर थांबवा आणि त्याचं बोट कुठं आहे ते बघा.