पाचांतली एक

अमेरिकेतल्या कॅरी गावातल्या कुठल्याही बागेत संध्याकाळी उभं राहून ‘आन्या’ अशी हाक मारावी. निदान तीन पोरी वळून बघतात. परदेशी आलेल्या आपल्या लोकांना मुलीचं नाव कसं हवं असतं, तर शाळेतल्या गोऱ्या बाईला धड म्हणता यावं, आजीला परकं वाटू नये, अर्थ संस्कृतात सापडावा आणि वर दुसऱ्या कुणाचं नसावं. एवढ्या चाळण्या लावल्या की सगळ्यांच्या हाती तीच चार नावं उरतात, आणि मग सगळे एकमेकांना म्हणतात, ‘अय्या, तुमचीही आन्याच का?’

आपलं असं होऊ नये म्हणून विनयने एक्सेल शीट केली होती. तो एका औषध कंपनीत डेटाचं काम करायचा, आणि धंद्याची खोड माणसाला घरीही सुटत नाही. नाव, अर्थ, उगम, लोकप्रियता असे चार रकाने, खाली एकशेबारा नावं. लोकप्रियतेचे आकडे सरकारी यादीतले. आदल्या वर्षी जन्मलेल्या मुलांपैकी किती जणांना कुठलं नाव ठेवलं, त्याची यादी अमेरिकेत दर वर्षी मे महिन्याच्या सुमाराला निघते. पाचांपेक्षा कमी मुलांना ठेवलेलं नाव मात्र तीत छापत नाहीत.

सुनेत्राने, म्हणजे त्याच्या बायकोने, ती शीट एकदाच उघडली, खालपर्यंत वाचली आणि म्हणाली, “यातलं एकही नको. रेणू ठेवायचं.”

सुनेत्राचं माहेर नागपूरचं, कुलदैवत माहूरची रेणुका, आणि तिच्या लाडक्या थोरल्या आत्याला सगळे रेणूच म्हणत. विनय म्हणाला, “अगं, हे आत्या-मावश्यांच्या पिढीचं नाव आहे. आता कोण ठेवतं यार?”

“म्हणूनच,” ती म्हणाली.

विनयने मुकाट्याने एकशेतेरावी ओळ भरली. अर्थ: कण, धुळीचा किंवा फुलातल्या परागाचा. उगम: संस्कृत. लोकप्रियता: यादीत नाही.

मुलगी तीन महिने आधीच आली. मार्च संपत होता, पाइनच्या झाडांचा पराग झडत होता आणि गावातल्या झाडून सगळ्या गाड्यांवर पिवळी पूड बसली होती. नऊशे ग्रॅमची पोर काचेच्या पेटीत होती, अंगभर नळ्या लावलेली. पेटीवरच्या कार्डावर ‘बेबी गर्ल’ आणि पुढे आडनाव, एवढंच लिहिलेलं. नर्सने नाव विचारलं तेव्हा सुनेत्राने सांगितलं, बाराव्या दिवशी ठेवणार. नागपूरहून तिच्या आईने फोनवर बजावलं होतं, बारशाआधी नाव फोडायचं नाही, पोरीलाही त्या नावाने हाक मारायची नाही, दृष्ट लागते. एरवी असल्या गोष्टींना हसणारी सुनेत्रा या वेळी हसली नाही. आपलं लेकरू पेटीत असलं की माणूस सांगाल ते पाळतं. ती तासन्‌तास पेटीपाशी बसून ‘बाळा’ म्हणायची, ‘चिमणे’ म्हणायची, रेणू म्हणून एकदाही म्हणाली नाही.

तिसऱ्या दिवशी जन्मदाखल्याचा फॉर्म घेऊन एक बाई आली. सुनेत्रा ब्लडप्रेशरच्या औषधांच्या गुंगीत होती. नावाची जागा आत्ता कोरी ठेवलीत तरी चालेल, बाई म्हणाली, नंतर भरता येतं, फक्त त्याचा वेगळा अर्ज करावा लागतो. तो वेगळा अर्ज विनयला नको होता. कागद वेगळा आणि बारसं वेगळं, असं स्वतःला समजावत त्याने नाव लिहिलं, ज्या नोंदींवरून ती सरकारी यादी बनते तो सोशल सिक्युरिटी नंबर हवा म्हणून चौकोनात खूण केली आणि सही ठोकली. सुनेत्राला बारशाच्या दिवशी सांगू, हसेल ती, असं त्याला वाटलं.

अकराव्या दिवशी दुपारी पोर गेली.

बाराव्या दिवशी त्यांची मैत्रीण दीपा हॉस्पिटलमध्ये येऊन पोरीच्या कानात नाव सांगणार होती. विनयला बहीण नाही, म्हणून आत्याचा मान तिला. दीपा मुंबईची, तोंडाने फटकळ, पण कुणाच्याही अडीनडीला सगळ्यात आधी पोचणारी. मराठी मंडळाचा एक लाकडी पाळणा आहे, तो बारशांना या घरातून त्या घरात फिरतो, तोही तिच्याच गॅरेजमध्ये असतो. पोर घरी येईल तेव्हासाठी विनयने तो सांगून ठेवला होता. त्या दुपारी त्याने दीपाला मेसेज केला, ‘पाळणा कॅन्सल’. हे दोन शब्द लिहायला त्याला पार्किंगमध्ये अर्धा तास लागला.

त्यानंतर चार वर्षं गेली. सुनेत्रा कामावर जाऊ लागली, लोकांकडे जाऊ लागली, हसूही लागली. पण मधूनच, भाजी चिरताना, गाडीत सिग्नलला थांबलेली असताना, तिच्या तोंडून एकच वाक्य यायचं.

“बिननावाचीच गेली रे ती.”

दर वेळी विनयच्या ओठांवर यायचं आणि दर वेळी तो गिळायचा. नाव आधी फोडलं म्हणून पोर गेली, असं तिने मानलं तर? त्याचा स्वतःचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, असं तो म्हणायचा. खरं म्हणजे त्याला तेही ठामपणे सांगता आलं नसतं. जन्माचा दाखला आणि मृत्यूचा दाखला, दोन्हींवर नाव होतं. ते त्याने एका निळ्या फाइलीत घालून कपाटात तळाशी ठेवले. सुनेत्राने ते कधी मागितले नाहीत. पुढच्या मे महिन्यात नवी यादी आली तेव्हा त्याने ऑफिसात बसून ती उघडली, नाव शोधलं, आकडा पाहिला आणि लॅपटॉप मिटून घरी निघून आला.

आता सुनेत्राला पुन्हा सातवा महिना सरत होता. दुधाने तोंड पोळलेली माणसं ताकही फुंकून पितात. दोघं डॉक्टरकडून परत येताना गाडीत एकमेकांशी बोलतही नसत. पण या वेळी सगळं नीट होतं, आणि ही मुलगीच होती.

एप्रिलमधला रविवार होता. विनय ड्राइव्हवेत पाइप घेऊन गाडीवरची पिवळी पूड धूत होता. सुनेत्रा पायरीवर चहा घेऊन बसली होती.

“नाव ठरलं माझं,” ती म्हणाली. “रेणूच ठेवू. ते तिला दिलंच नाही आपण. कोरंच राहिलं. निदान हिला देऊ.”

विनयने नळ बंद केला.

“ते कोरं नाही,” तो म्हणाला.

मग त्याने सगळं सांगितलं, त्या फॉर्मवाल्या बाईपासून. आत जाऊन निळी फाइल आणली. सुनेत्राने दोन्ही दाखले मांडीवर ठेवून वाचले. नावावरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं.

“चार वर्षं,” ती म्हणाली. “चार वर्षं मी रडतेय, बिननावाची गेली म्हणून. आणि तू शेजारी बसून ऐकत होतास.”

“मला भीती वाटली, तू म्हणशील माझ्यामुळे...”

“म्हटलं असतं. तेव्हा नक्की म्हटलं असतं. महिनाभर तुझं तोंड बघितलं नसतं. पण माझ्या लेकीला नाव आहे, एवढं तरी मला कळलं असतं ना?”

चूक झाली, हे तर तो चार वर्षं जाणून होता. आपण तिचं काय हिरावलं, ते त्याला त्या पायरीपाशी कळलं.

“तू तरी मारलीस का हाक? एकदा तरी?”

“नाही,” तो म्हणाला. “तू मारत नव्हतीस, म्हणून मीही नाही.”

ती फाइल घेऊन आत गेली. दोन दिवस बोलली नाही. जेवण वाढायची, डॉक्टरची वेळ फ्रिजवर लिहून ठेवायची, बोलायची नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पोहे खाताखाता तिने विचारलं, “तुझी ती सरकारी यादी. त्यात धरलीय का तिला?”

विनयने लॅपटॉप आणला. ते वर्ष उघडलं. रेणू, आणि पुढे पाचचा आकडा.

“त्याच्या आदल्या वर्षी?”

“नाही.”

“पुढच्या?”

“नाही. चारच असल्या तर नाव छापतच नाहीत.”

तिने लॅपटॉप आपल्याकडे ओढून घेतला. पोहे गार झाले.

“म्हणजे आपली नसती, तर त्या चौघीही यादीत आल्या नसत्या.”

“नसत्या.”

“आता शाळेत जायला लागतील त्या,” सुनेत्रा म्हणाली, आणि टेबलावर डोकं टेकून रडू लागली. विनयने तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो झटकला नाही. तोही रडला, चार वर्षांत पहिल्यांदाच, तिच्यासमोर.

जूनमध्ये मुलगी झाली, पुरत्या दिवसांची, तीन किलोची. नाव निधी ठरलं, आणि बाराव्या दिवसापर्यंत दोघांनीही ते कुणाला सांगितलं नाही. शनिवारी सकाळी दीपाच्या गॅरेजमधला पाळणा आला, त्याला फुलं बांधली. पंधरावीस माणसं जमली. गुडघ्यांमुळे येऊ न शकलेली सुनेत्राची आई फोनच्या पडद्यावर होती. दीपा बाळाला पाळण्यात ठेवायला हात पुढे करणार, एवढ्यात सुनेत्राने बाळ उराशी घट्ट धरलं.

“थांब दीपा. आधी मोठीचं. विनय, तू ये.”

हे तिने विनयला आधी सांगितलं नव्हतं. दीपा बाजूला झाली. सुनेत्राने एका हाताने दोरी धरली आणि पाळण्याला झोका दिला.

“अगं सुनेत्रा,” फोनमधून आई कळवळून म्हणाली, “रिकामा पाळणा हलवू नये गं.”

“रिकामा नाहीये, आई.”

विनय वाकला. पाळण्यात धुतलेली दुपटी होती, एकावर एक. तो ‘कुर्र’ म्हणाला आणि पुढचं अगदी हळू पुटपुटला.

“मोठ्याने म्हण,” सुनेत्रा म्हणाली. “तिला ऐकू गेलं पाहिजे.”

तेव्हा विनय उभा राहिला आणि, लेक मागच्या खोलीत खेळतेय, जेवायला बोलवायचंय, अशी त्याने हाक मारली.

“रेणू...”