मिसाओबाईंच्या तीन औषधवह्या

नोरिएने सत्तेचाळिसाव्या वर्षी पुन्हा अभ्यासाला बसायचं ठरवलं ते काही ज्ञानाच्या ओढीने नव्हे. नामेरिकावा गावाच्या बाहेर हमरस्त्यावर औषधांचं मोठं दुकान आहे, तिथे ती सात वर्षं कामाला होती आणि सात वर्षं अंडी, टोफू आणि म्हाताऱ्यांचे डायपर मांडत होती. औषधांच्या कपाटाजवळ उभं राहून गिऱ्हाइकाला चार शब्द सांगायचे, तर त्यासाठी सरकारी परीक्षा द्यावी लागते. तिचे गुडघे आता खालच्या कप्प्यांना कंटाळले होते, आणि औषधांची कपाटं बरोबर छातीच्या उंचीवर असतात. कारण एवढंच.

प्रश्न एकशेवीस. परीक्षा ऑगस्टच्या अखेरीस. दुकानाची व्यवस्थापक ओरिहारा तिच्याहून सोळा वर्षांनी लहान, पण जेवणाच्या सुट्टीत मास्तरीण व्हायची. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पुस्तकातलं मज्जासंस्थेचं प्रकरण आलं आणि नोरिएचं घोडं तिथेच अडलं.

"आपल्या हुकमावाचून चालणाऱ्या नसा दोन तऱ्हेच्या," ओरिहारा भाताचा गोळा खात म्हणाली. "एक म्हणते पळ, दुसरी म्हणते बस, जेव, आराम कर."

"म्हणजे एक आमचे हे, आणि एक आमच्या सासूबाई."

"लक्षात राहत असेल तर तसं धरा, ताई. आता ही बस-जेव म्हणणारी नस आपला निरोप ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनाच्या हाती पाठवते. काही औषधं त्या निरोप्याला दारातच अडवतात. मग काय काय होईल? पाठ करू नका. माणूस काढा आणि त्याच्यावर लिहा."

नोरिएने पावतीच्या मागे माणूस काढला. तोंडापाशी लिहिलं, कोरडं. डोळ्यांपाशी, धूसर. पोटापाशी, साफ होत नाही. त्याच्या खाली, लघवी अडते. छातीपाशी, धडधड. डोक्याशी आल्यावर तिने पुस्तकात पाहिलं. वयस्कर माणसांत गोंधळ, विसराळूपणा, कधी भास.

"बाई काढलीत तुम्ही," ओरिहारा वाकून म्हणाली. "अंबाडा घातलाय. आणि ॲप्रन. कोण ही?"

नोरिए पेन्सिल हातात धरून बसून राहिली. अंबाडा तिने मुद्दाम काढला नव्हता. तो आपोआप आला होता, आणि अंबाड्यापासून ॲप्रनपर्यंत लिहिलेला एकेक शब्द गेले आठ महिने तिच्या घरात वावरत होता.

तिच्या सासूबाई मिसाओ, वय अठ्ठ्याहत्तर. मागच्या हिवाळ्यापर्यंत वांग्यांचा वाफा एकटीने सांभाळणारी बाई. मग एकदा गॅस चालू राहिला. एकदा त्या वाफ्याकडे म्हणून निघाल्या आणि मासळीबाजाराजवळ सापडल्या. नोरिएला त्यांनी दोनदा आपल्या मेलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारली. मोठ्या दवाखान्यात कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, तर काटे गोलाच्या बाहेर लटकले. सांगितलेल्या तीन शब्दांपैकी एकही आठवला नाही. डॉक्टर म्हणाले, सुरुवात दिसते, तीन महिन्यांनी पुन्हा पाहू. नोरिएचा नवरा तेत्सुया त्या दिवशी गाडीत बसून रडला आणि मग त्याने टेकडीवरच्या वृद्धांच्या निवासाच्या यादीत आईचं नाव लावलं. दोन वर्षं लागतील म्हणाले होते. गेल्या आठवड्यात फोन आला, की जागा रिकामी झाली आहे, महिनाअखेरपर्यंत कळवा.

तोंड कोरडं म्हणून त्या सारखा बर्फ चघळायच्या. पोटासाठी रोज आलुबुखारे. हे सगळं वयाचं म्हणून घरात कुणी बोलतही नसे.

त्या संध्याकाळी नोरिएने सासूबाईंना विचारलं, "आई, तुमची औषधवही द्या ना जरा. अभ्यासाला हवी होती."

"कुठली?" मिसाओ म्हणाल्या.

"कुठली म्हणजे? वही एकच असते. सगळे औषधवाले तिच्यातच नोंद करतात."

मिसाओंनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू सुनेला अजून जगाची रीत शिकवायची राहिलीच आहे. मग कपाटातून तीन वह्या काढल्या. सशाची, फुलांची आणि साधी निळी. लघवीच्या डॉक्टरांच्या दारातल्या औषधवाल्याची एक, खाजेच्या डॉक्टरांच्या दारातल्याची दुसरी, पोटाच्या डॉक्टरांच्या दारातल्याची तिसरी.

"तीन कशाला, आई?"

"अगं, सशाची वही देणाऱ्या निशिदेंच्या दुकानात जाऊन दुसऱ्या दुकानाचा शिक्का दाखवायचा? त्यांना काय वाटेल? ही बाई आणखी कुणाकडे जाते म्हणून. सहा वर्षं किती आपुलकीने विचारतात, आणखी काही औषधं चालू आहेत का. मी म्हणते, छे, तुमचीच."

"तिघांनाही?"

"तिघांनाही. कुणाला वाईट वाटायला नको."

नोरिएने वह्या शेजारीशेजारी उघडल्या. सशाच्या वहीतली लघवीची गोळी निरोप्याला अडवणारी. फुलांच्या वहीतली खाजेची गोळी जुन्या तऱ्हेची, तीही अडवणारी. निळीतली पोटातल्या कळेची, तीही. एकेका दुकानापुरतं पाहिलं तर कुणाचंच काही चुकलं नव्हतं. घरातल्या लाकडी औषधपेटीत मात्र एक डबी होती, जिची नोंद कुठल्याच वहीत नव्हती. झोपेची, तीही निरोप्याला अडवणारी, दुकानात कुणालाही मिळणारी. मागे लिहिलेलं, दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त घेऊ नये. ती नोरिएने स्वतःच गेल्या हिवाळ्यात आणली होती, कामगारांच्या सवलतीत, सासूबाई झोप येत नाही म्हणाल्या तेव्हा. संपली की नवी आणायची. अंड्यांबरोबर.

दुसऱ्या दिवशी तिने ओरिहाराला सगळं सांगितलं आणि म्हणाली, "आज घरी जाते आणि चारही फेकून देते."

"अजिबात नाही." ओरिहाराने डबा बाजूला ठेवला. एरवी ती जेवताना डबा बाजूला ठेवत नसे. "डॉक्टरांचं औषध थांबवायचा आपल्याला अधिकार नाही. एकदम थांबवलं तर आणखी काही बिघडेल. शिवाय तुमचा अंदाज चुकीचा असू शकतो, ताई. खरंच विस्मरणाचा आजार असू शकतो. आपलं काम 'नेऊन दाखवा' म्हणण्यापर्यंत. प्रकरण पाचवं, शेवटचं पान."

ते पान नोरिएने दोनदा वाचलं होतं आणि दोन्ही वेळा, हे काय विचारणार, म्हणून उलटलं होतं.

घरी तिने नवऱ्याला सांगितलं. तेत्सुया भातावरून मान वर न करता म्हणाला, "मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना हे कळलं नसतं?"

"त्यांना सशाची वही दाखवली होती. बाकीच्या दोन नाहीत."

"तू अजून पास नाहीस, नोरिए."

"नाही ना. पण मी पास होईपर्यंत आईंना टेकडीवर ठेवणार असाल, तर पास होऊन मी काय, दुसऱ्यांच्या सासवांना सांगू?"

तेत्सुयाने वाटी खाली ठेवली. "एकदा घर पेटलं तर?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. शेवटी तो म्हणाला, "महिनाअखेरनंतर आणखी तीन आठवडे मागून बघतो. देतील तर देतील."

निवासाने अगदी नाइलाजाने तीन आठवडे दिले. आता राहिल्या मिसाओ.

"तीन वह्या घेऊन निशिदेंकडे जायचं?" त्या म्हणाल्या. "म्हणजे सहा वर्षं मी त्यांच्या तोंडावर खोटं बोलले, ते सांगायला?"

"मी सांगते, तुम्ही नुसत्या बसा."

"माझं खोटं तू कशाला सांगशील? तुझं तू बोल."

नोरिएने चहाचा पेला खाली ठेवला. स्वतःचं बोलायचंच तर होतं एक. "आई, ती झोपेची डबी. ती जास्त दिवस घ्यायची नसते. मला ठाऊक नव्हतं. मागे लिहिलेलं असतं, ते मी वाचलंच नाही. सात वर्षं दुकानात आहे, आणि वाचलं नाही."

बाहेर झाडांवरच्या सिकाडा किड्यांचा कलकलाट चालला होता. त्यांनी तोंडातला बर्फ इकडचा तिकडे केला.

"म्हणजे माझं डोकं तू फिरवलंस?"

"थोडं मी, थोडं तुम्ही. तुमच्या शिष्टाचाराने."

मिसाओंच्या ओठांचा कोपरा हलला. खूप दिवसांनी हलला. "मग माफी मागायला रिकाम्या हाताने कसं जायचं?" त्या म्हणाल्या. "गोड वड्यांचे खोके घे. तीन. एकसारखे. एकाला मोठा, एकाला लहान असं नको."

मंगळवारी दोघी आधी निशिदेंच्या दुकानात गेल्या. निशिदे पन्नाशीचे, पांढऱ्या कोटात, चष्मा कपाळावर. मिसाओंनी खोका पुढे ठेवला, तीन वह्या त्याच्यावर ठेवल्या, आणि कमरेत वाकल्या त्या वर येईनात.

"मी तुमच्याशी खोटं बोलले," त्या जमिनीकडे पाहत म्हणाल्या. "मी आणखी दोघांकडे जाते."

निशिदेंनी वह्या उघडल्या. सशाची, फुलांची, निळी. नोरिएने झोपेची डबी शेजारी ठेवली. त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि एकेक पान वाचलं. मग तेही कमरेत वाकले.

"मीच नीट विचारायला हवं होतं," ते म्हणाले. "मी 'आणखी काही आहे का' विचारायचो, आणि तुम्ही 'नाही' म्हटलं की मला बरं वाटायचं. काम लवकर उरकायचं."

दोघंही वाकलेली. काउंटरच्या दोन बाजूंना दोन डोकी. मागे रांगेत थांबलेला एक माणूस खोकला. आता आधी कोण वर येणार, हा प्रश्न असाच राहिला असता, पण नोरिएने सासूबाईंच्या कोपराला हळूच हात लावला.

निशिदेंनी तिथूनच फोन लावायला घेतले. एक डॉक्टर भेटले, एकाने दुपारी फोन केला, तिसरे जरा चिडले आणि मग ऐकून नरमले. आठवडाभरात लघवीचं औषध बदललं, खाजेची गोळी जाऊन मलम आलं. कळेची गोळी डॉक्टरांनी पोट तपासून बंद केली, झोपेची कमी करत करत थांबवली. त्या मंगळवारी निघताना निशिदेंनी खोका मात्र परत दिला होता. दुकानाचा नियम, म्हणाले. मिसाओंना तो अपमान वाटला, आणि घरी येईपर्यंत त्या त्यावरच बोलत होत्या. अगदी सलग, मुद्दा न सोडता. डोकं अजून शाबूत असल्याची ती खूण तेव्हा नोरिएच्या ध्यानात आली नाही.

औषधं बदलल्यावरचे पहिले दहा दिवस वाईटच गेले. मिसाओंना झोप नीट येईना, आणि त्या दिवसभर खेकसायच्या. एकदा चष्मा फ्रीजमध्ये सापडला. तेत्सुया येताजाता कॅलेंडरकडे बघायचा. नोरिए टोफू मांडताना मनात म्हणायची, चुकलीस तू, चार पानं वाचून शहाणी झालीस.

बाराव्या दिवशी बर्फाचा ट्रे सकाळी भरलेला होता तसाच संध्याकाळी भरलेला राहिला. पंधराव्या दिवशी मिसाओ वाफ्यावर गेल्या आणि वांगी घेऊन स्वतःच परत आल्या. नोरिए दाराशी चपला घालून उभी होती, शोधायला निघालेली.

"कुठे निघालीस?"

"कुठे नाही."

"मग चपला काढ आणि ही धू. या वर्षी कुणी पाणी घातलं होतं वांग्यांना? साल कशी चिवट झाली आहे बघ."

पाणी नोरिएने घातलं होतं. तिने चपला काढल्या आणि वांगी नळाखाली धरली. टोमणा इतका नेमका होता, की तिला तो फ्रेम करून लावावासा वाटला.

दवाखान्यात पुन्हा तपासणी झाली. घड्याळाचे काटे आत आले. तीन शब्दांपैकी दोन आठवले, तिसऱ्याला मिसाओ बराच वेळ अडल्या आणि तो आलाच नाही. डॉक्टर म्हणाले, औषधांचा भाग मोठा होता. उरलेला वयाचा की आणखी कशाचा, ते पाहत राहू. नोरिएला वाटलं होतं तितकं सगळं परत आलं नव्हतं. पण जे आलं होतं, ते घरी राहण्यापुरतं होतं. तेत्सुयाने येताना वाटेत थांबून, गॅस आपोआप बंद होणारी शेगडी घेतली.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी त्याने निवासाला फोन लावायला घेतला, तेव्हा मिसाओंनी हात पुढे केला.

"माझी जागा आहे, मीच नको म्हणते."

पलीकडच्या मुलीने ओळख पटवायला जन्मतारीख विचारली. मिसाओंनी सांगितली. पत्ता विचारला. तोही सांगितला, पिनकोडसकट. नोरिए आणि तेत्सुया जेवणाच्या टेबलाशी श्वास रोखून बसले होते, दहावीचा निकाल लागायचा असावा तसे. मिसाओंनी फोनवरच वाकून माफी मागितली, तुमचा खोळंबा केला म्हणाल्या, ज्याला गरज आहे त्याला आजच कळवा म्हणाल्या. मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं, आणि त्या जराशा थांबल्या.

"हो, लावा," त्या म्हणाल्या. हलक्या आवाजात आणखी काही सांगून फोन ठेवला.

"काय लावा?" तेत्सुयाने घाबरून विचारलं.

"यादीत नाव. पुन्हा लावायचं का विचारत होती. गोड मुलगी, कशाला नाही म्हणायचं?" मिसाओ उठून वांगी चिरायला गेल्या. "पण सगळ्यांच्या शेवटी लाव म्हटलं. मला घाई नाही."