पाचात एक

सेंट मॉरा हे कॅरिबियनमधलं ब्रिटनच्या ताब्यातलं चिमुकलं बेट. १९९६च्या उन्हाळ्यात तिथला डोंगर धुमसू लागला, आणि लंडनच्या सरकारी खात्याने सल्ल्यासाठी सुप्रभाला बोलावलं. ज्वालामुखींचा अभ्यास हे तिचं पोटापाण्याचं काम. ती ईलिंगच्या घरून भुयारी रेल्वेने गेली.

खात्याचे मिस्टर पेम्बर्टन सज्जन गृहस्थ होते. चहा मागवून त्यांनी विचारलं, "उद्रेक होणार की नाही?"

"खात्रीने सांगता येत नाही. आत शिलारस वर सरकतोय. या हिवाळ्यात तो दक्षिणेच्या गावावर येण्याची शक्यता पाचात एक धरा."

"म्हणजे चार वाटे निर्धास्त! थँक यू, डॉक्टर."

दोन दिवसांनी बेटावरच्या सहकाऱ्याचा फोन आला. रेडिओवर सांगितलं होतं, लंडनच्या शास्त्रज्ञांना काळजीचं कारण दिसत नाही.

तिचा नवरा शशिधर वॉटफर्डच्या हॉस्पिटलात सर्जन. जेवताना तिने विचारलं, "तू पेशंटला टक्के सांगतोस?"

"सांगतो ना. पेशंट ऐकून घेतो आणि मग विचारतो, डॉक्टर, तुमची आई असती तर काय केलं असतंत?"

"मग?"

"मग तेही सांगावं लागतं. आमटी सरकव जरा इकडे."

पुढच्या मीटिंगला ती बसायच्या आधीच म्हणाली, "गाव हलवा."

पेम्बर्टन गोंधळले. "पण पाचात एक तुम्हीच म्हणालात."

"आजही तेच म्हणते. माझी आई तिथे असती तर मी तिला एव्हाना बाहेर काढलं असतं."

"हे सायंटिफिक आहे का?"

"नाही. सायंटिफिक मागच्या वेळी सांगितलं होतं. त्याचं काय झालं ते रेडिओवर कळलं."

पेम्बर्टननी बराच वेळ चहा ढवळला. त्या चहात साखर नव्हती. आठवड्याभरात गाव उत्तरेकडच्या चर्चच्या हॉलमध्ये हललं.

डोंगराने हिवाळाभर काही केलं नाही.

वसंतात बेटावरचं शिष्टमंडळ लंडनला आलं. त्यात आयरिस नावाची शाळामास्तरीण होती. ती सुप्रभासमोर येऊन बसली. "माझे वडील त्या हॉलमध्ये वारले. शेवटपर्यंत घरी ने म्हणत होते. डोंगर तर आला नाही."

वय झालं होतं, असं म्हणता आलं असतं. सुप्रभाला ते म्हणवेना. "मला फार वाईट वाटतं," ती म्हणाली. "आणि आज विचारलंत तरी मी हलाच म्हणेन."

आयरिसने तिच्याकडे रोखून पाहिलं. "मग हे तिथे येऊन सांगा. लंडनहून आलेला निरोप आम्हाला पुरे झाला."

पेम्बर्टन म्हणाले, जाणं शहाणपणाचं ठरणार नाही. सुप्रभा रजा टाकून गेली. हॉलमध्ये लोकांनी तिला मनसोक्त शिव्या दिल्या. ती उभी राहून ऐकत होती. बसायला कुणी सांगितलं नव्हतं. सगळ्यांचा घसा बसल्यावर मागून एका म्हातारीने विचारलं, "आला, तर कुठल्या बाजूने येईल?" तेव्हा कुठे बोलणं सुरू झालं. सुप्रभाने भिंतीवर खडूने डोंगर काढला. चार घरं तरीही परत गेली. बाकीचे थांबले.

डोंगर पुढे निवला. तो निवलाय हे छातीठोक सांगायला सुप्रभाला आणखी दोन वर्षं लागली. गाव पुन्हा भरलं, आयरिसने शाळा उघडली. तिथे त्या डोंगराबद्दल काय शिकवतात, हे सुप्रभाने कधी विचारलं नाही.