चाळीस मशिनींवरचं गाणं

मी गादी बोलतेय. नाक मुरडू नका. साधी कापसाची, निळ्या पट्ट्यांची, मधोमध चहाचा डाग असलेली. फरक इतकाच, की बाकीच्या गाद्या आडव्या पडून असतात आणि मी गेलं दीड वर्ष भिंतीला टेकून उभी आहे. चार खिळे, दोन दोऱ्या आणि एका हट्टी मुलीने मला उभं केलं.

माझा जन्म गादीवाल्याच्या दुकानातला. त्याने कापूस पिंजून माझ्यात भरला, टाके घातले आणि काठीने अशी झोडपली, की जन्मभराचा मार एकदाच खाऊन झाला. मला घ्यायला नवरा-बायको आले. नवरा म्हणाला, "जरा कडक वाटते." बायको म्हणाली, "माणसासारखीच असते हो. वापरून मऊ होते." ती बाई मला तेव्हाच आवडली.

पुढे त्यांना मुलगी झाली. तिने मला किती वेळा भिजवलं ते सांगत नाही, आता ती मोठी झालीय. मग नवरा आजारपणात गेला आणि माझी एक बाजू रिकामी पडली. बाई तरी आपल्याच कडेला झोपायची, मधोमध कधी आली नाही. मोज्यांच्या कारखान्यात काम करून तिने लेकीला शिकवलं. लेकीने पहिल्या पगारात फोमची गादी आणली आणि मी गेले माळ्यावर. गरज सरो, वैद्य मरो! तीन वर्षं मी झुरळांशी गप्पा मारत काढली.

लेक चष्म्याच्या दुकानात नोकरी करते, पण जीव सगळा गाण्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये. आतल्या खोलीत तिने लॅपटॉप, माईक आणि हेडफोन मांडले. खोली मात्र मेली घुमायची. म्हणून माझी आठवण झाली. भिंतीवर आपटून परत येणारा आवाज मी पोटात घेते, एवढंच माझं काम. पण मान बघा, माझ्यासमोर माईक सुरू झाला की घरात कोणी शिंकतसुद्धा नाही.

एका रविवारी आई म्हणाली, "येत्या शनिवारी माझा कामाचा शेवटचा दिवस. सुपरवायझर म्हणतोय, भिंतीवरच्या स्पीकरवर तुझं एक गाणं लावू. मशिनी काही बंद नाही व्हायच्या."

"मग ऐकू कसं येणार?"

"तेच तर. बावीस वर्षं मशीनवर बसून गातेय गं मी. बायकांना माझे ओठ हलताना दिसतात, गाणं एकीनेही ऐकलेलं नाही. एकदा ऐकू जाऊ दे."

गाणं आईचंच, कारखान्यात जुळवलेलं. 'हजार जोड्या लावल्या बाई, माझी जोडी सुटी.' आवाज बारीक, पण सुरात पक्का. ती गायली तेव्हा माझा कापूस थरारला, खोटं नाही सांगत.

लेकीने गाण्याला गिटारची साथ जोडली आणि रात्रीतून दोन्हींचा मिक्स केला. हेडफोनमध्ये अगदी चकचकीत वाटला. सोमवारी कारखान्यात लावून पाहिला. संध्याकाळी आई म्हणाली, "गाणं सुरू झालं हे सुपरवायझरने सांगितलं म्हणून कळलं."

लेक इरेला पेटली. मंगळवारी तिने सगळंच रेटून वर नेलं. आवाज वाढला, पण सगळ्याचाच. फ्रिजची घरघर वाढली, आईचा श्वास भात्यासारखा झाला, गिटार शब्दांवर जाऊन बसली. आईने ऐकलं आणि हळूच म्हणाली, "ही मी नाही, बाळा. ही कोणाशी तरी भांडतेय."

बुधवारी लेक माझ्यावर डोकं टेकून रडली. ओल मला जुनीच ओळखीची. मग डोळे पुसून म्हणाली, "आई, उद्या मशिनींचा आवाज फोनमध्ये भरून आण."

"अगं, ज्याच्यातून सुटतेय तेच घरी आणू?"

"आण तर."

गुरुवारी तिने तो खडखडाट माझ्या तोंडासमोर लावला. मला रागच आला. ज्याला अडवायला मी उभी, तोच पाहुणा म्हणून घरात! पण मग ती काय करतेय ते पाहिलं आणि राग गिळला. मशिनींची घरघर सगळी खर्जात होती. गिटारचा खर्ज तिथे बुडणारच होता, शिवाय आईचा आवाज वाढवायची जागाही अडवत होता, म्हणून तिने तो आधीच काढला. दोन ओळींमधला फ्रिज कापला. जो शब्द खाली पडायचा तो एकेक हाताने उचलला. सगळ्यात शेवटी लहानमोठे सूर सारखे व्हावेत म्हणून गाणं जरासं दाबून वर घेतलं, आणि हेडफोन ठेवून, खडखडाट चालू असतानाच, जुन्या रेडिओच्या तळहाताएवढ्या स्पीकरवर लावलं.

आई स्वयंपाकघरातून ओरडली, "'सुटी' ऐकू आलं! 'जोडी' नाही आलं!"

"थांब. आता?"

"आता 'हजार' गेलं!"

असं दोन दिवस चाललं. आवाज चढवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, सगळी ओरडून चढवतात. या पोरीने नको ते बाजूला करून चढवला. धन्य तिची.

शनिवारी आई आली ती चपला न काढताच खाली बसली. लेक नखं खात उभी.

"सांग ना!"

"मशिनी चालूच होत्या. गाणं लागलं. माझ्या शेजारची आहे ना, एकोणीस वर्षं बाजूला बसते, तिचा हात थांबला. कधी थांबत नाही गं तो. माझ्या कानाशी येऊन ओरडली, 'बये, असा आवाज आहे होय तुझा!'"

एवढं बोलली आणि माझ्यावर पाठ टेकून हसत हसत रडली. किती वर्षांनी तिचं वजन माझ्यावर आलं. मला फार बरं वाटलं.

आता उभं राहून राहून माझा कापूस पायाशी गोळा झालाय. माझं एवढंच मागणं आहे, की वर्षातून दोनदा मला ऊन दाखवा आणि वरची बाजू खाली करून टांगा. माळ्यावर मात्र नका टाकू, मला इथे काम आहे. तुमच्या माळ्यावर माझी कोणी बहीण असेल, तर तिलाही एकदा विचारून बघा.

बरं, आता मला गप्प व्हायला हवं. ती शेजारची आज घरी आलीय. लेकीने तिला माईकसमोर उभं केलंय आणि बाई मागे सरकतेय.

"माझ्याच्याने नाही व्हायचं," ती म्हणतेय. "मी कुठे गाते? आपलं मशीनवर बसून काहीतरी पुटपुटते."

"तेच पुटपुट," आई म्हणाली. "एकोणीस वर्षं मीही तुझे ओठ फक्त बघतच आलेय."