पाचाचा हिशेब

मी विहिरीत टाकायची लाल दवा बोलतेय. खरं तर मी काळपट जांभळी. पण चिमूटभर पडले की पाणी गुलाबी होतं, म्हणून लोकांनी मला लाल ठरवलं. ठरवू देत!

माझा धंदा हिसकावण्याचा. पाण्यातल्या घाणीकडून मी इलेक्ट्रॉन ओढून घेते. घाण जळून जाते आणि माझाही रंग जातो. तिनं दिले तेवढेच मी घेतले, हा मेळ बसलाच पाहिजे. त्यात लबाडी चालत नाही.

सत्तावन सालच्या वैशाखात आंजीत पटकीची साथ आली, तेव्हा मी डब्यातून बौद्ध मोहल्ल्यात आले. वर्ध्याच्या कॉलेजात विज्ञान शिकणारा प्रेमदास सुट्टीत घरी होता. विहिरीच्या काठावर त्यानं कोळशानं माझं समीकरण मांडलं. माझा एक रेणू पाच इलेक्ट्रॉन घेतो, असं धरलं. अर्ध्या डब्यात भागतंय म्हणून उरलेली मी त्यानं गोंडांच्या वस्तीतल्या पुनाजीला दिली. तिथंही माणसं आजारी पडत होती.

"अर्धी काऊन देऊन राह्यला रे?" त्याची आई धुरपता कळवळली. "आपल्याच घरी तुही बहीण पडली हाय."

"पुरते माय. म्या हिशेब केला."

अर्ध्या हळकुंडानं पिवळं झालेलं पोर! पाच घेते मी, पण कॉलेजातल्या काचेच्या चंबूत, सोबत आम्ल असलं तर. विहिरीच्या साध्या पाण्यात मला तिनाच्या वर पेलत नाहीत; मग मी तपकिरी गाळ होऊन तळाशी बसते. हे मी ओरडून ओरडून सांगत होते. दवेचं कोण ऐकतं?

दुपारी बादली वर आली ती तपकिरी; मी संपले होते आणि घाण उरली होती. प्रेमदासनं कपाळ बडवून घेतलं. "तीन! तीन धरायले पाह्यजे होते माय!"

तो धावत पुनाजीकडे गेला.

"सारी टाकली बाबू," पुनाजी म्हणाला. "आमचंबी पाणी तसंच झालं."

आता मी उरलेय ती डब्याच्या सांदीत चिकटलेली. मोहल्ल्याला काही पुरायची नाही. धुरपतानं गडवाभर पाण्यात डबा विसळला. पाणी गुलाबी झालं, आणि हा रंग टिकून आहे. तिनं गडवा लेकीच्या ओठांना लावलाय.

"कमले, येक घोट पे वं बाई."

कमलाचे दात घट्ट बसलेत.

पोरी, विहीर मला झेपली नाही. तुझ्या एका घोटापुरती मी अजून आहे. तोंड उघड. माझा रंग जायच्या आत उघड.